लाकडाचा साचा, लोखंडाचा नांगर
(लक्ष्मणराव किर्लोस्कर यांची जीवनकथा)

किर्लोस्कर हे नाव आपल्याला नवीन नाही. गावाकडच्या विहिरीवर पंप असतो, त्यावर हे नाव असते. थर्मलच्या लॅबमध्ये डिझेल इंजिन असते, त्यावर हे नाव असते. मशीन शॉपमधल्या जुन्या लेथच्या हेडस्टॉकवर रंगाचे चार थर बसलेले असतात, आणि त्याखाली नीट बघितले तर पुन्हा हेच नाव! पण नाव रोज समोर असले की माणूस विसरला जातो. हा माणूस कोण होता, तो कुठे शिकला, त्याला पहिली नोकरी कुठे लागली आणि ती त्याने का सोडली, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? विशेष म्हणजे हा माणूस आपल्यासारखा इंजिनिअरिंगची डिग्री घेतलेला नव्हता. तो चित्रकार व्हायला घरातून निघाला होता.

चित्रकला सुटली, ड्रॉइंग उरले

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. घरात पोथ्या, पुराणे आणि चर्चा. अशा घरात लक्ष्मणरावांचे मन मात्र दोनच गोष्टींत रमायचे, चित्रे काढणे आणि यंत्रे खोलून बघणे. शाळेच्या पुस्तकांत त्यांना फारसा रस नव्हता. आपल्याकडे असा मुलगा असला की घरचे कपाळाला हात लावतात. त्यांच्याकडेही काही वेगळे झाले नसावे. पण मोठे भाऊ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले. त्यांच्या मदतीने १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

दोन वर्षे गेली आणि एक भलतीच गोष्ट लक्षात आली. त्यांना काही रंग नीट ओळखता येत नव्हते. अंशतः रंगांधळेपणा! चित्रकाराला रंग दिसत नाही, म्हणजे आपल्याकडे फायनल इयरला येऊन ब्रँच बंद पडण्यासारखेच झाले. वय अठराच्या आसपास, घर लांब, भावाचे पैसे खर्च झालेले. कोणीही खचून गेला असता.

लक्ष्मणरावांनी काय केले? रंग गेले, पण रेघ तर हातात आहे, असा सरळ हिशेब केला. मेकॅनिकल ड्रॉइंगमध्ये रंग लागत नाही. तिथे लागते ती अचूक रेघ, माप आणि डोळ्यांपुढे वस्तू उभी करण्याची ताकद. ती त्यांच्याकडे होतीच. त्यांनी यंत्रांचे ड्रॉइंग शिकून घेतले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपण ज्याला व्हीजेटीआय म्हणतो तिथे, ते ड्रॉइंगचे शिक्षक झाले. ही संस्था १८८७ साली सुरू झालेली, म्हणजे तेव्हा अगदी नवी कोरी होती.

शिकवायचे ड्रॉइंग, पण फावल्या वेळात पाय वर्कशॉपकडे वळायचे. कोणते यंत्र कसे चालते, पट्टा कुठून कुठे जातो, कोणता गिअर कोणाला फिरवतो, हे त्यांनी बघून, खोलून आणि वाचून शिकले. ग्रंथालयातली इंग्रजी तांत्रिक पुस्तके आणि मासिके त्यांनी पालथी घातली. परीक्षेत मार्क देणारे कोणी नव्हते, सिलॅबस नव्हता, तरी माणूस शिकत होता. आपण सबमिशनच्या आदल्या रात्री शीट ट्रेस करतो, तेव्हा हे जरूर आठवावे!

सायकल, बटणे आणि एक राजीनामा

मुंबईत त्या काळी सायकल ही नवलाईची वस्तू होती. लक्ष्मणरावांनी ती बघितली आणि त्यात धंदा दिसला. १८८८ साली बेळगावात रामूअण्णांच्या सोबतीने किर्लोस्कर बंधूंचे सायकलचे दुकान सुरू झाले. मुंबईहून लक्ष्मणरावांनी सायकली पाठवायच्या आणि बेळगावात रामूअण्णांनी त्या विकायच्या. एका सायकलची किंमत सातशे ते हजार रुपये, आणि चालवायला शिकवायचे पंधरा रुपये वेगळे! त्या काळच्या रुपयाचा विचार केला तर आजची चांगली मोटरसायकल काय महाग, असे वाटेल. बेळगावात आजही किर्लोस्कर रोड आहे.

नोकरी करता करता छोटे छोटे उद्योग चालूच होते. बटणे करून बघितली, औषधांसाठी छोट्या डब्या करून बघितल्या. बटणांच्या धंद्यात परदेशी मालाशी टक्कर देता आली नाही. म्हणजे पहिल्याच फटक्यात यश मिळाले, असे अजिबात नाही. आपल्याला मोठ्या माणसांच्या गोष्टी सांगताना हा मधला भाग लोक गाळून टाकतात, म्हणून मुद्दाम लिहिले.

व्हीजेटीआयमध्ये सुमारे दहा वर्षे झाली. बढतीची वेळ आली. अनुभव होता, काम चोख होते, पण ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. कारण उघड होते. लक्ष्मणरावांनी अर्ज-विनंत्या केल्या नाहीत. राजीनामा दिला आणि बेळगावला निघून आले. परक्याच्या हाताखाली पुन्हा नोकरी करायची नाही, हे त्यांनी तेव्हाच ठरवून टाकले. पाठीशी लग्नाची बायको, राधाबाई, आणि संसार. पगार बंद. यात थोडा वेडेपणा होताच. पण तो माणूस मशीनवर हात बसलेला होता, हे विसरून चालणार नाही. नुसत्या रागावर कारखाना उभा राहत नाही.

घराएवढे वर्कशॉप

बेळगावात लक्ष्मणरावांनी मांडले ते वर्कशॉप आजच्या भाषेत घरगुतीच म्हणावे लागेल. मोजकी यंत्रे आणि मोजकी माणसे. आधी परदेशी पवनचक्क्या विकून आणि बसवून बघितल्या. मग वळले शेतीच्या अवजारांकडे. पहिले उत्पादन म्हणजे कडबा कापायचे यंत्र. आपल्या विदर्भातल्या मुलांना कडबा-कुट्टी सांगायची गरज नाही. जनावरापुढे अख्खा कडबा टाकला तर अर्धा तुडवून वाया जातो, बारीक करून टाकला तर सगळा खाल्ला जातो. हिशेब साधा होता, आणि शेतकऱ्याला पटणारा होता.

त्यानंतर आला लोखंडी नांगर. साल १९०३. इथे मला थोडे थांबावेसे वाटते, कारण लक्ष्मणरावांच्या आयुष्याची खरी परीक्षा इथेच झाली.

आपला जुना लाकडी नांगर जमीन चिरतो, पण माती उलटी करत नाही. काळ्या कापसाच्या जमिनीत हरळी आणि कुंदा खोलवर मुळे धरून बसतात. वर्ध्याच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, कुंद्याने किती वावरे खाल्ली ते तो सांगेल. लोखंडी नांगराचा फाळ खोल जातो आणि त्याच्या वरचा वाकडा पत्रा मातीचा थर उचलून पालथा करतो. मुळ्या उघड्या पडतात आणि उन्हाने मरतात. फायदा डोळ्यांना दिसणारा होता. तरीही पहिले नांगर विकायला सुमारे दोन वर्षे लागली! लोखंडाने जमिनीत विष भिनते आणि पीक येत नाही, अशी समजूत लोकांमध्ये पक्की होती.

शेतकऱ्याला अडाणी म्हणणे सोपे आहे. पण त्याच्या बाजूने बघा. एक हंगाम फसला तर त्याचे घर उपाशी राहते. नव्या यंत्राचा प्रयोग तो कोणाच्या जिवावर करणार? लक्ष्मणरावांनी हे ओळखले होते असे त्यांच्या पुढच्या सगळ्या कामावरून दिसते. वस्तू चांगली असून भागत नाही, ती शेतात चालवून दाखवावी लागते, मोडली तर भाग मिळावा लागतो, गावच्या लोहाराला ती उघडता आली पाहिजे. आपल्याला मॅनेजमेंटच्या पेपरात मार्केटिंग म्हणून जे शिकवतात, ते त्यांनी बांधावर उभे राहून शिकून घेतले.

सुताराशिवाय लोहार नाही

मला एक गोष्ट फर्स्ट इयरला समजली नव्हती. लोखंडाच्या इंजिनिअरला सुतारकाम कशाला? कार्पेंट्री शॉपमध्ये हाफ-लॅप जॉइंट करताना सगळ्यांनी सरांच्या नावाने बोटे मोडलेली आठवत असतील. उत्तर लक्ष्मणरावांच्या नांगरात आहे.

ओतीव लोखंडाची कोणतीही वस्तू आधी लाकडात जन्माला येते. त्या लाकडी वस्तूला पॅटर्न म्हणतात. पॅटर्न वाळूत दाबायचा, अलगद काढायचा, आणि उरलेल्या पोकळीत वितळलेले लोखंड ओतायचे. लोखंड थंड होताना आकसते, म्हणून पॅटर्न मुद्दाम थोडा मोठा करावा लागतो, कास्ट आयर्नसाठी साधारण शेकडा एक. वाळूतून निघताना कडा तुटू नयेत म्हणून बाजूंना थोडा उतार ठेवावा लागतो. जिथे मशीनिंग करायचे तिथे जादा जाडी ठेवावी लागते. लाकूड सागवानासारखे, वाळलेले, न वाकणारे हवे. पॅटर्न एक सूत चुकला तर त्यातून निघणारी प्रत्येक वस्तू एक सूत चुकीची! म्हणजे कारखान्याची अचूकता भट्टीच्याही आधी सुताराच्या बाकावर ठरते. रंधा, पटाशी, करवत आणि लाकडाची खराद ही फौंड्रीची पहिली यंत्रे आहेत. आणि जो माणूस ड्रॉइंगमध्ये वस्तू तिन्ही बाजूंनी बघायला शिकलेला आहे, त्यालाच पॅटर्न बरोबर जमतो. जे. जे. मधली दोन वर्षे अशी कामी आली.

याच संदर्भात एक घरची हकिकत सांगते. आर्वीला आमच्या नात्यातल्या एका काकांचे घरामागे छोटे सुतारकामाचे वर्कशॉप आहे. त्यांनी भंगारातून एक जुने रंधा मशीन आणले होते. नावाची पाटी पार झिजलेली, कास्ट आयर्नचे दोन जड टेबल, मध्ये कटर, आणि सगळ्यावर गंजाचा थर. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्याला परत जिवंत करण्याचे काम मी रोज बघत होते, आणि अधूनमधून हातही काळे करत होते.

आधी सगळे उघडायचे. गंजलेले नट एकदम जोर लावून सोडवायचे नाहीत, रॉकेल टाकून रात्रभर ठेवायचे. प्रत्येक भाग काढताना वहीत चित्र काढायचे, वॉशर कुठल्या बाजूला होता तेसुद्धा. मग टेबल घासून साफ केले आणि त्यावर सरळ पट्टी उभी धरून खाली फीलर गेज घालून बघितले, कुठे किती खोलगट आहे ते. बेअरिंग बॉलचे नव्हते, पांढऱ्या धातूचे ओतलेले बुश होते. शाफ्टला निळा रंग लावून फिरवायचा, बुशमध्ये जिथे निळे डाग पडतील तिथे स्क्रॅपरने हलकेच खरवडायचे, परत रंग, परत फिरवणे. चार दिवस एवढेच चालले! पण शेवटी शाफ्ट दोन बोटांनी फिरायला लागला तेव्हाचा आनंद काही औरच होता.

नंतर आले आपले किनेमॅटिक्स. मोटर १४४० आरपीएमची. तिच्यावर सहा इंची पुली, कटरच्या शाफ्टवर दोन इंची. म्हणजे कटरला ४३२० फेरे. पट्टा थोडा घसरतो ते सोडून. एवढ्या वेगात ब्लेडची दोन्ही पाती सारख्या उंचीवर नसतील तर एकच पाते कापते आणि लाकडावर लाटा उठतात. जुने कटर-हेड चौकोनी होते. त्या काळच्या अशा मशीनने किती सुतारांची बोटे खाल्ली असतील, देव जाणे, कारण चौकोनी हेड आणि टेबल यांच्यामध्ये मोठी फट राहते. काकांनी ते बदलून गोल हेड करून घेतले आणि वर सरकते गार्ड बसवले. जुने यंत्र जपायचे म्हणजे त्याचा जुना धोकाही जपायचा, असे नाही.

हे सगळे बघताना एक विचार मनात येत होता. हे मशीन परत चालू झाले, कारण ज्याने केले त्याने ते उघडता येईल असे केले होते. नट, बोल्ट, बुश, पुली. सील करून बंद केलेले काहीच नव्हते. लक्ष्मणरावांच्या पिढीच्या सगळ्या यंत्रांचा हाच स्वभाव होता.

निवडुंगातली वाडी

आता मूळ कथेकडे येऊ. बेळगावात बस्तान बसत होते, तेवढ्यात नवे संकट आले. ज्या जागेवर कारखाना होता ती जागा गावाच्या विस्तारासाठी नगरपालिकेला हवी होती. कारखाना हलवावा लागणार होता. यंत्रे, माणसे, माल सगळे घेऊन जायचे कुठे?

त्या वेळी लक्ष्मणराव औंध संस्थानात एका बांधकामाच्या निमित्ताने काम करत होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. एक राजा चित्रकार, आणि एक कारखानदार अर्धवट सुटलेला चित्रकार, दोघांचे जमले! बाळासाहेबांनी आपल्या संस्थानात हवी ती जागा निवडायला सांगितले आणि भांडवलासाठी कर्जही दिले. लक्ष्मणरावांनी कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची बत्तीस एकर जागा निवडली. ही जागा आज सांगली जिल्ह्यात येते. सुपीक जमीन त्यांनी मागितली नाही. स्टेशन जवळ पाहिजे, एवढेच बघितले, कारण लोखंड आणि कोळसा येणार रेल्वेने आणि नांगर जाणार रेल्वेने.

बाकी जागा कशी होती? उजाड माळ, फड्या निवडुंगाचे रान आणि साप. मार्च १९१० मध्ये सुमारे पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे तिथे येऊन उतरली. निवडुंग तोडण्यापासून सुरुवात. राहायला घरे नाहीत, पावसाळा तोंडावर. पण त्या माळावर लक्ष्मणरावांनी नुसता कारखाना नाही, एक गाव वसवले. रामूअण्णांनी वसाहतीची आखणी आणि व्यवस्था बघितली, शंभुराव जांभेकर यंत्रांच्या बाजूला उभे राहिले, मंगेशराव रेगे कचेरीच्या बाजूला. राधाबाईंच्या वाट्याला आलेले कष्ट तर कोणत्याच हजेरीपटावर लागले नाहीत.

या वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा दंडक होता. १९१० साली! आणि रात्रीच्या पहाऱ्यावर कोण होते? शिक्षा भोगून आलेली माणसे. ज्यांना गावात कोणी दारात उभे करत नव्हते, त्यांच्या हाती लक्ष्मणरावांनी कारखान्याची राखण दिली. चोराच्या हाती किल्ल्या, असे कोणी म्हटले असेल. पण विश्वास टाकला की माणूस बदलतो, हे तिथे खरे ठरले. माझ्या मते हा प्रयोग नांगरापेक्षाही अवघड होता. भंगारात काढलेल्या माणसाला परत कामावर उभे करायचे, तर त्याचाही गंज हलक्या हातानेच काढावा लागतो.

पहिल्या महायुद्धात परदेशातून येणारा माल अडला. जे मिळत नाही ते इथेच करून बघायचे, ही सवय वाडीला तेव्हापासून लागली. मागणी वाढत गेली आणि १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. नांगर, कडबा कापायचे यंत्र, उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रे आणि १९२६ च्या सुमारास पंप. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीमधून १९२६ साली मेकॅनिकल इंजिनिअर होऊन परत आला तो याच माळावर. त्या डिग्रीवर त्याला कुठेही नोकरी मिळाली असती.

आणखी एक गंमत म्हणजे, नांगर करणाऱ्या या वाडीतून मासिकेही निघाली! १९२० साली किर्लोस्कर खबर सुरू झाले, तेच पुढे किर्लोस्कर मासिक झाले. मग १९३० मध्ये स्त्री आणि १९३४ मध्ये मनोहर. संपादक होते पुतणे शंकरराव. आपल्या आजीच्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी स्त्री मासिक वाचून घराबाहेरचे जग बघितले. लोखंड आणि अक्षर दोन्ही एकाच वाडीत ओतले जात होते.

वर्ध्याशी नाते

आता आपल्या जिल्ह्याचा विषय. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने गांधीजींच्या पुढाकाराने एक स्पर्धा जाहीर केली. सुधारित चरखा करून दाखवणाऱ्याला एक लाख रुपये बक्षीस! आपण डिझाइनच्या पेपरात स्पेसिफिकेशन लिहितो ना, तशाच अटी होत्या. यंत्र हलके असावे, खेड्यातल्या साध्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालवता यावे. एका बाईला फार दमणूक न होता आठ तास काम करता यावे. त्या आठ तासांत १२ ते २० नंबरचे सोळा हजार फूट सूत निघावे. किंमत दीडशे रुपयांच्या वर नको. आणि मजबूत इतके, की शक्यतो न थांबता वीस वर्षे चालावे.

हे वाचायला सोपे वाटते. करून बघा! हलके करायला गेलात तर मजबुती जाते, मजबूत करायला गेलात तर किंमत वाढते, उत्पादन वाढवायला जास्त चात्या लावल्या तर बाईचे हात दमतात. किर्लोस्करवाडीनेही हे आव्हान घेतले आणि आपले यंत्र करून पाठवले. पण ते सगळ्या अटींत बसले नाही. एक लाखाचे बक्षीस शेवटी कोणालाच मिळाले नाही.

देशातला नावाजलेला कारखाना झोपडीतल्या एका बाईसाठी यंत्र करायला गेला आणि हरला. मला तर ही हार फार मोठी वाटते. कारण चूक कारखान्याची नव्हती, प्रश्नच तेवढा अवघड होता, आणि तो अवघड आहे हे इंजिनिअरला करून बघितल्याशिवाय कळत नाही. आपल्या वर्धा शहरात मगनवाडीला मगन संग्रहालय आहे. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते ते सुरू झाले. तिथे तऱ्हेतऱ्हेचे चरखे बघायला मिळतात. कॉलेजच्या चार वर्षांत आपण नागपूरला पिक्चर बघायला किती वेळा जातो! एकदा तिथेही जाऊन या. प्रत्येक चरख्यात कोणीतरी ताकद, वेग आणि किंमत यांचे गणित सोडवायला बसलेला दिसेल.

आग आणि नंतर

लक्ष्मणराव हळूहळू कामातून बाजूला होत गेले. १९४१ साली हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्करचा लेथचा कारखाना निघाला. १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिन्स आणि बंगलोरला इलेक्ट्रिक कंपनी. माळावरच्या रोपट्याला फांद्या फुटत होत्या.

आणि मग १९४८ साल आले. ३० जानेवारीला दिल्लीत गांधीजींचा खून झाला. खुनी महाराष्ट्रीय ब्राह्मण होता, म्हणून महाराष्ट्रात ठिकठिकाणी ब्राह्मणांच्या घरादारांवर जमाव चालून गेले. किर्लोस्करवाडीवरही जमाव आला आणि कारखान्याला आग लावली. ज्या वाडीने जातपात बाहेर ठेवली होती, ती वाडी जातीच्या नावावर जळाली. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. अडतीस वर्षांपूर्वी ज्या हातांनी निवडुंग तोडला, त्या माणसाने हे ऐकले आणि बघितले असेल तेव्हा त्याच्या मनात काय आले असेल, याची कल्पनाच करवत नाही.

सेवाग्रामच्या जवळ राहणाऱ्या आपल्याला हा प्रसंग अवघड वाटतो, आणि वाटायलाच पाहिजे. ज्यांच्या नावाने राग काढला, त्या गांधीजींना हे कधीच चालले नसते.

पण वाडी तिथे संपली नाही. कारखाना परत उभा राहिला. जळालेले यंत्र आणि गंजलेले यंत्र, दोन्हींचे औषध एकच असते. आधी उघडायचे, काय वाचले आहे ते बाजूला काढायचे, आणि तिथून सुरुवात करायची. आजही किर्लोस्करवाडीला पंप तयार होतात, आणि कुंडल रोड स्टेशनचे नाव किर्लोस्करवाडी झाले आहे.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ साली, जन्मशताब्दीला, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

आपल्यासाठी

हरिहरचा लेथचा कारखाना पुढे बंद पडला. म्हणजे देशभरातल्या आयटीआयमध्ये, कॉलेजांत आणि गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये जे किर्लोस्कर लेथ उभे आहेत, त्यांना आता जन्मदात्या कारखान्यातून नवा भाग मिळणार नाही. तुटलेला गिअर कोणीतरी मोजून, ड्रॉइंग काढून, करून बसवला तरच ते चालतील. नाहीतर किलोच्या भावाने भंगार. हे काम कोण करणार? मेकॅनिकलची डिग्री हातात असलेल्या आपल्याला करता यायला नको का?

दर वर्षी फायनल इयरला प्रोजेक्टची धावपळ असते. काही जण पैसे देऊन रेडिमेड प्रोजेक्ट आणतात, रंग मारतात, व्हायवा देतात आणि मोकळे होतात. त्यापेक्षा एक सुचवावेसे वाटते. जवळपास कोणत्याही वर्कशॉपच्या कोपऱ्यात एखादे जुने मशीन झाकून पडलेले असते. लाकडाची खराद असो, रंधा असो, नाहीतर लेथ. चार जणांनी मिळून ते उघडावे. प्रत्येक भागाचे ड्रॉइंग काढावे, झीज किती झाली ते मोजावे, एक तरी पॅटर्न स्वतः लाकडात करून भाग ओतून घ्यावा आणि यंत्र फिरवून दाखवावे. त्यात ड्रॉइंग आले, मेट्रॉलॉजी आली, मटेरियल सायन्स आले, कॉस्टिंगसुद्धा आले. रिपोर्ट लिहायला कुठून कॉपी करायची गरजच पडणार नाही, कारण लिहायला आपल्याजवळ स्वतःचे काहीतरी असेल. आमच्या गुरुजनांनीही याचा विचार करावा, ही नम्र विनंती.

लक्ष्मणरावांजवळ डिग्री नव्हती, रंग ओळखणारी नजर पूर्ण नव्हती, सुरुवातीला भांडवल नव्हते, जागा तर दोनदा शोधावी लागली. त्यांच्याजवळ होते ते ड्रॉइंग, हत्यार धरणारा हात, आणि गिऱ्हाइकाच्या बांधावर दोन वर्षे थांबायची तयारी. यातले पहिले दोन आपल्याला कॉलेज शिकवते. तिसरे मात्र ज्याचे त्याने कमवायचे आहे.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी